टोपली खाली आली का?

जिन्याखाली चपला साठतात ना, तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही. येणारा येतो, काढतो, वर जातो, आणि वर्षअखेरीला बघावं तर ढीग! आमच्या घराला जिना एकच आहे. दगडी, उभा, आणि पायऱ्या अशा उंच की बांधणाऱ्याने माणसं नव्हे, उंट डोळ्यांसमोर ठेवले असावेत. त्या एका जिन्यावर मालक, भाडेकरू, दलाल आणि माकडं अशी सगळ्यांची ये-जा. मग साठणार नाही तर काय होईल?

'आमचं घर' म्हणतेय खरी, पण घर माझं नाही. मी भाडेकरू. काशीत, मंगला गौरीच्या देवळाजवळ, एका गल्लीत, दुरुस्त करून नव्या केलेल्या जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी म्हातारी. वय विचारू नका. बाकी सगळं सांगते.

* * *

ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे माझी उमेदीची सगळी वर्षं काशीतल्या रेल्वे कॉलनीत गेली. हे गेल्यावर मुलगा श्रीकांत मला लखनौला घेऊन गेला. तिथे लिफ्ट, एसी, मऊ सोफा, सगळं होतं. भांडायला माणूस नव्हतं. शेजारची बाई मी बोलायला गेले की 'हाय आंटी' म्हणून दार लावायची. दोन वर्षं काढली आणि एके दिवशी जाहीर केलं, मी काशीला परत चालले.

श्रीकांत म्हणाला, "आई, एकटी?"

"जन्माला एकटीच आले होते. जुळी नव्हते."

मग त्याने सौदा केला. अकरा महिने राहून बघायचं. त्यात काही बिनसलं, किंवा मालकाने करार पुढे चालवला नाही, तर मुकाट्याने लखनौला यायचं आणि परत हा विषय काढायचा नाही. मी हो म्हटलं. जी गोष्ट अकरा महिन्यांनी व्हायची आहे तिला मी नेहमीच हो म्हणते.

जागा दाखवायला पप्पू नावाचा दलाल आला. मला बघितल्याबरोबर त्याने आवाज खाली आणला आणि पहिली खोली दाखवली. "माताजी, बहुत शांत जगह है. और मणिकर्णिका एकदम पास."

दुसरी दाखवली. "यहाँ से तो और पास है."

तिसरीच्या दारात तो म्हणाला, "माताजी, इसमें सीढ़ी चौड़ी है. लोगों को उतारने में दिक्कत नहीं होती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मणिकर्णिका म्हणजे इथला स्मशानघाट. काशीत एकटी म्हातारी खोली शोधते म्हणजे ती मरायलाच आली, असा ह्याचा हिशोब! गेली कित्येक वर्षं तो हाच धंदा करत असणार. मी म्हटलं, "बेटा, दूध की दुकान कितनी पास है, ये बता. मैं यहाँ रहने आई हूँ."

पप्पू डोकं खाजवत म्हणाला, "रहने का रेट अलग है, माताजी."

* * *

पप्पूने शेवटी दाखवलेल्या घराचे मालक बच्चेलालजी. ठठेरी बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. साठीचे असतील. बोलणं कमी, कपाळावर आठ्या जास्त. घर त्यांच्या वडिलांचं. वर्षानुवर्षं बंद पडलं होतं, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं. दिल्लीहून एक आर्किटेक्ट बोलावला. त्याने आधी भिंतींचा गिलावा खरवडून आतला दगड उघडा केला, मग उघड्या दगडावर पॉलिश मारलं. कोनाड्यांमध्ये देवाच्या जागी दिवे लावले, तेही असे की दिवा दिसू नये, नुसता उजेड दिसावा. चुलीच्या जागी चिमणी आली. आणि दाराला बसवलं डिजिटल लॉक. नंबर दाबला की बाईच्या आवाजात इंग्रजीतून स्वागत करणारं!

मला जागा आवडली. खरं सांगायचं तर खिडकी आवडली. रस्त्याकडच्या खोलीला एक उंच, दगडी महिरपीची खिडकी होती. खाली गल्ली, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या वड्या, आणि दोन घरांच्या फटीतून बोटभर गंगा. बोटभर पुरे. सगळी घेऊन काय करायची आहे?

बच्चेलालजींना मात्र मी आवडले नव्हते. ते पप्पूकडे बघत म्हणाले, "अकेली हैं. कल को कुछ हो गया तो?"

मी म्हटलं, "आपको कुछ हो गया तो मैं किराया किसको दूँगी, ये भी अभी बता दीजिए."

पप्पूने खोकल्याचं नाटक केलं. बच्चेलालजींच्या आठ्या क्षणभर सरळ झाल्या आणि परत पडल्या. करार झाला. अकरा महिने. "उसके बाद देखेंगे," असं ते म्हणाले आणि एक अट तोंडी घातली. रस्त्याकडच्या खिडकीतून काहीही लटकवायचं नाही. साडी नाही, टॉवेल नाही, पापड नाही. खिडकीचा रंग खास जयपूरहून आणलाय.

कराराचा कागद इंग्रजीत होता. मी तो तिथेच बसून सगळा वाचला. पप्पूला वाटलं, मी चित्रं बघतेय. माझं शिक्षण चौथी. हिंदी शिकले दुकानांच्या पाट्यांवरून आणि इंग्रजी ह्यांच्या औषधांच्या कागदांवरून. त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं आहे, जरा कडू आहे इतकंच.

* * *

पहिल्या आठवड्यातच गुडघ्यांनी त्या जिन्याशी असहकार पुकारला. खाली माझ्या खिडकीच्या बरोब्बर खाली रामदुलारी भाजी घेऊन बसते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आवाज माझ्याहून मोठा. ती खालून ओरडली, "ए अम्मा, दउरी गिराव! काहे गोड़ तोड़त हऊ?" म्हणजे, टोपली सोड, पाय कशाला तोडतेस?

इथल्या जुन्या गल्ल्यांतून ही रीतच आहे. वरून दोरीने टोपली सोडायची, खालचा माणूस दूध-भाजी-फुलं ठेवतो, वरचा ओढतो. मी बांबूची टोपली आणि सुतळीचा दोर आणला आणि सोडली टोपली.

तिसऱ्या दिवशी बच्चेलालजी दारात. "अम्मा, बात हुई थी. खिड़की से कुछ नहीं लटकेगा."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. लटकणारी वस्तू म्हणजे काय? जी लटकून राहते ती. माझी टोपली लटकत नाही. ती जाते आणि येते. तुम्ही दुकानात जाता आणि परत येता, म्हणून तुम्हाला कोणी लटकलेला माणूस म्हणतं का?

मी वकील असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत असावं. की मी वकील नाही हेच बरं, कोण जाणे. शेवटी खिडकीच्या काठावर बोट फिरवून म्हणाले, "रस्सी से पेंट खराब होता है."

मी काठावर जुन्या सतरंजीचा तुकडा घातला. तेव्हाच माझं लक्ष वर गेलं. खिडकीच्या बाहेर, महिरपीच्या मधोमध एक गोल ठिगळ होतं. बाकी सगळा दगड आणि तेवढंच सिमेंट. काहीतरी उपटून काढून भोक बुजवलं होतं. मी विचारलं, इथे काय होतं?

"पुराना कबाड़ था. हटवा दिया," म्हणून ते उठले. पाणी अर्धंच प्यायले होते.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ते यायचे, खिडकीचा काठ बघायचे, 'पेंट' एवढा एकच शब्द बोलायचे आणि जायचे.

* * *

तिसऱ्या मजल्यावर इशिता राहते. इंदूरची मुलगी. दिवसभर लॅपटॉपशी बोलते, त्याचेच तिला पैसे मिळतात. मला 'मौसी' म्हणते, आणि स्वयंपाकाचा तिला गंध नाही. सगळं मोबाइलवरून मागवते. आता आमच्या गल्लीचा पत्ता मोबाइलला सापडत नाही. गल्लीतून गल्ली, त्यातून बोळ, बोळात बैल. जेवण आणणारे बिचारे गंगेच्या काठापर्यंत जाऊन परत यायचे आणि इशिता फोनवर रडकुंडीला यायची.

मी एकदा तिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "देखो भैया, ऊपर देखते हुए चलो. जहाँ टोकरी दिखे, उसी में डाल दो."

तेव्हापासून एकही चुकला नाही! माझी टोपली म्हणजे पत्ता झाली. फक्त पहिल्या दिवशी एकाने पिझ्झाचा डबा टोपलीत बसेना म्हणून उभा खोचला. वर येईपर्यंत सगळा ऐवज एका कोपऱ्यात गोळा झालेला. इशिताचा चेहरा पडला. "मौसी, पिझ्झा उभा आला." मराठी ती माझ्याकडूनच शिकतेय.

"उभा काय, आडवा काय, पोटात गेल्यावर झोपतोच," मी म्हटलं. आम्ही दोघींनी तो चमच्याने खाल्ला.

* * *

माकडांचं सांगायचं राहिलं. आर्किटेक्टला माकडं माहीत नव्हती. त्याने खिडकीच्या जाळ्या काढून टाकल्या, 'लुक' बिघडतो म्हणून. माकडांना तो लुक फारच आवडला.

त्यातला एक थोराड हुप्प्या माझ्या टोपलीवर डोळा ठेवून असायचा. टोपली अर्ध्यावर आली की समोरच्या छज्ज्यावरून हात घालून टोमॅटो उचलायचा. तेही निवडून! कच्चा लागला तर परत ठेवायचा. मी ओरडून पाहिलं, काठी दाखवली. तो माझ्याकडे बघून आरामात खायचा.

मग मी त्याचा अभ्यास केला. त्याला कारलं आवडत नाही. त्या दिवसापासून रामदुलारीला सांगून ठेवलं की टोमॅटो खाली आणि वर कारल्यांचा थर. हुप्प्याने एक कारलं उचललं, चावलं, माझ्याकडे असं बघितलं, जणू नव्या सुनेने केलेली पहिली आमटी सासऱ्याने चाखली! पुन्हा काही त्या टोपलीच्या वाटेला गेला नाही.

एकच पंचाईत झाली. माझ्याकडे रोज कारली येतात हे गल्लीभर झालं, आणि अम्माला 'शुगर' आहे अशी बातमी लखनौपर्यंत पोचली. श्रीकांतने डॉक्टरांची वेळ घेतली. माझी साखर त्याच्यापेक्षा कमी निघाली.

* * *

थंडी सुरू झाली की परदेशी पाहुणे येतात. एक गाइड त्यांची वरात घेऊन गल्लीतून फिरवतो आणि प्रत्येक दगडाला वय सांगतो. एके सकाळी मी टोपली सोडली होती आणि रामदुलारीची वाट बघत होते. खाली वरात थांबली. गाइडने टोपलीकडे हात करून इंग्रजीत काहीतरी फार मोठं सांगितलं. चारशे वर्षं, परंपरा, पवित्र, एवढे शब्द मला नीट ऐकू आले. एका गोऱ्या आजोबांनी टोपलीला हात जोडले आणि त्यात शंभराची नोट ठेवली.

मी वरून औषधाच्या कागदावरचं सगळं इंग्रजी एकवटून ओरडले, "नो टेंपल! नो गॉड! ओन्ली फॉर व्हेजिटेबल!"

गाइडचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजोबा मात्र शहाणे निघाले. त्यांनी नोट उचलली, रामदुलारीकडे वळले, फ्लॉवरचा एक चांगला गड्डा विकत घेतला आणि तो टोपलीत ठेवून वर बघून टोपी काढली.

मी फ्लॉवर ओढून घेतला. पाहुण्याने नियम समजून घेतल्यावर आपण ताठरपणा करू नये.

* * *

आता काळेगुरुजी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत. मंगला गौरीच्या देवळाकडे रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जातात. मराठी बोलतात, पण आमच्या कानाला जिची हळूहळू सवय होते अशी. "काकू, आज मौसम एकदम बढ़िया झाला आहे हं. स्वेटर निकालून ठेवा." माणूस गोड. मंगळवारी देवीचा प्रसाद न चुकता टोपलीत ठेवायचा. मी त्यांना भाबडे समजत होते. तिथेच माझी चूक झाली.

श्रीकांत सुरुवातीला रोज सकाळी आठला फोन करायचा. "आई, उठलीस?" मी एक दिवस म्हटलं, "नाही, झोपेत बोलतेय." मग त्याचे फोन बंद झाले. मला बरं वाटलं. नंतर विचार केला, हा माझा मुलगा, माझ्यासारखाच हट्टी. सुखासुखी बंद कसा करेल?

मी डोकं चालवलं. रोज सकाळी माझी टोपली खाली जाते. रोज त्याच सुमाराला गुरुजी खालून जातात. आणि टोपलीला नमस्कार केल्यासारखे थांबून मोबाइल काढतात. देवळात जाणाऱ्या माणसाला इतक्या सकाळी कोणाशी बोलायचं असतं?

एक दिवस मी टोपली सोडलीच नाही. चहा करून खिडकीच्या आड खुर्ची टाकून बसले. गुरुजी आले. वर बघितलं. घुटमळले. पुढे गेले, परत आले. मोबाइल काढला. माझा चहा संपायच्या आत लखनौहून फोन!

मी उचलला आणि म्हटलं, "बोल. कोण गेलं?"

पलीकडे श्रीकांत त-त-प-प. "काही नाही, असंच, सहज..."

तेवढ्यात जिन्यावर धाप ऐकू आली. रामदुलारी, आयुष्यात पहिल्यांदा तो जिना चढून, हातात तराजूचं वजन घेऊन दारात उभी. दार तोडायचीच तयारी! मला खुर्चीत चहा पिताना बघितलं आणि तिने मला अशा शिव्या घातल्या की मी इथे लिहू शकत नाही. बसून घोटभर पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "सेठजी भी दुकान से फोन कइले रहलन. पूछत रहलन, अम्मा क दउरी उतरल की नाहीं."

सेठजी म्हणजे बच्चेलालजी. त्यांना माझ्या टोपलीशी काय करायचं होतं? पेंटची काळजी, दुसरं काय.

गुरुजींना मी दुसऱ्या दिवशी खिडकीतूनच पकडलं. कबूल केलं बिचाऱ्यांनी. रोज श्रीकांतला तीनच शब्द पाठवायचे, 'टोपली खाली आली.' मी म्हटलं, "गुरुजी, हेरगिरी करायची तर पगार घ्या. उद्यापासून चौथा शब्द घाला."

"कोणता, काकू?"

"'भांडतेय.' म्हणजे त्याची खात्री पटेल."

* * *

दिवस असे गेले की कळलं नाही. होळीचा रंग खिडकीच्या काठाला लागला (पेंट!), उन्हाळ्यात रामदुलारीने टोपलीतून ओल्या फडक्यात गुंडाळून कलिंगडं वर पाठवली, आणि बघता बघता अकरावा महिना उजाडला.

बच्चेलालजींनी करार पुढे चालवायचं नावच काढलं नाही. मीही काढलं नाही. विचारायला माझी जीभ वळत नाही. श्रीकांत फोनवर विचारायचा, "मालक काय म्हणाले?" मी विषय बदलायचे. कपाटातली मोठी बॅग मात्र एका दुपारी काढून पुसून ठेवली. सामान भरलं नाही. पुसली फक्त.

मग एका सकाळी बच्चेलालजी आले ते एका साहेबाला घेऊन. साहेब दिल्लीचे. जुन्या शहरातल्या जागा घेऊन पाहुण्यांना रोजाच्या भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या घरात फिरून भिंती ठोकल्या, कोनाड्यांचे फोटो घेतले, आणि खिडकीजवळ येऊन टोपलीकडे बोट केलं, "ये हटवा दीजिएगा."

मी ओट्यापाशी उभी होते. मी एक अक्षर बोलले नाही. मला ओळखणारे विश्वास ठेवणार नाहीत, पण खरंच बोलले नाही.

साहेब जायला निघाले. दार उघडेना.

डिजिटल लॉकमधली बाई फक्त "वेलकम, वेलकम" म्हणत राहिली. आतली कडी सरकेना, बटण दाबलं तर लाल दिवा, पुन्हा दाबलं तर "वेलकम". इशिता बाहेरून नंबर दाबून दमली. लॉक दुरुस्त करणारा गंगेपलीकडे रामनगरला गेलेला, आणि पुलावर गाड्यांची ही रांग. तो दुपारशिवाय येत नाही असं त्याने सांगितलं. साहेबांनी हात हलवत मोबाइलवर बोलायला सुरुवात केली. बच्चेलालजी खाली बसले. त्यांना खरीच शुगर आहे. सकाळी गोळी घेऊन न खाता निघालेले. कपाळावर घाम फुटला, हात थरथरायला लागले.

मी खिडकीत गेले आणि रामदुलारीला हाक मारली. फार सांगावं लागलं नाही. तिने अर्धी गल्ली कामाला लावली. टोपली खाली गेली, पण घाईत मी ती हिसक्याने ओढली. टोपली भिंतीवर आपटली, मातीचा कुल्हड कलंडला, गोड चहा सगळा जयपूरच्या रंगावर.

बच्चेलालजी उठले. मला वाटलं, आता पेंट. तर त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला. "हटिए अम्मा. ऐसे नहीं."

आणि मग त्या थरथरत्या हातांनी त्यांनी टोपली पुन्हा सोडली. एक पाय भिंतीला टेकवून, अंग बाहेर झोकून, दोर काठाला न लावता दोन्ही हातांनी आळीपाळीने, भिंतीपासून वीतभर लांब धरून ओढली. नवा कुल्हड काठोकाठ भरलेला होता. एक थेंब सांडला नाही. खाली रामदुलारी आणि काळेगुरुजी तोंड वर करून बघत होते. टोपलीत कचौडी, जिलबी आणि चहा. बच्चेलालजींनी खिडकीतच उभं राहून जिलबी तोंडात टाकली, आणि हळूहळू त्यांचा रंग परत आला.

मी विचारलं, "ये कहाँ सीखा आपने?"

ते वर बघत होते, त्या सिमेंटच्या गोल ठिगळाकडे.

"अम्मा ने सिखाया था. इसी खिड़की से. दूध का लोटा रोज़ मैं खींचता था. गिरा देता था तो वो कहती थीं, जल्दी किसको है."

एवढंच. मग त्यांनी दुसरी जिलबी साहेबांपुढे धरली. साहेब म्हणाले, ते गोड खात नाहीत.

दुपारी लॉकवाला आला, दार उघडलं, साहेब गेले. बच्चेलालजीही माझ्याकडे न बघता गेले. त्यानंतरचे काही दिवस ते फिरकले नाहीत. पेंट बघायलासुद्धा नाही. करार संपला त्या दिवशी श्रीकांतचा फोन आला. तो चिडवत नव्हता, हळू आवाजात बोलत होता. "आई, रविवारी गाडी घेऊन येऊ का?" मी म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी टोपली सोडली. म्हटलं, भाडेकरू असू नसू, भाजी तर लागेल. दोराला झटका बसला. ओढायला लागले तर जड. रामदुलारीने भोपळा पाठवला असेल म्हणून घाई न करता, काठाला दोर न लावता, वीतभर लांब धरून ओढली.

टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर पितळेची एक गरारी निघाली. विहिरीवर दोर फिरतो ना, ती कप्पी. जुनी, वजनदार, मधोमध दोराने झिजून बोटभर खोल खाच पडलेली. नुकतीच चिंचेने घासलेली असावी, वास येत होता. तिच्याबरोबर नवा कोरा दोर.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली रामदुलारीच्या शेजारी बच्चेलालजी उभे होते. भेंडी निवडत असल्यासारखे, मान खाली घालून.

मी वरून विचारलं, "ये क्या है?"

त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मिस्त्री दोपहर में आएगा. लगवा लीजिए, अम्मा. रस्सी से पेंट खराब होता है."